देणारीचं नाव

त्या फॉर्ममध्ये गीतकारासाठी एकच रकाना होता, आणि माझ्या जाऊबाईंना त्यात अख्खं खानदान बसवायचं होतं.

मी ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. समोर रेवंताबाई, माझ्या मोठ्या जाऊबाई, सुपात तांदूळ घोळत होत्या. आमच्या दोघींच्या गाण्यांचा पहिला अल्बम नेटवर चढवायचा होता. त्यात कुठली कंपनी नव्हती की कुठला साहेब नव्हता. गाणारी एक, गिटार वाजवणारी एक, आणि फॉर्म भरणारीही तीच, म्हणजे मी. प्रत्येक गाण्यापुढे शब्द कोणाचे आणि चाल कोणाची ते लिहायचं होतं.

"बाई, हा पहिला गाना कोनाचा?"

"तुळसाबाईचा."

"आडनाव?"

"माहेरचं सांगू का सासरचं?"

"कोणतंही सांगा, पण एकच सांगा."

"असा कसा एकच? माहेरी शिकली ती गाना. सासरी तं तिले कोनी तोंड उघडू देत नोहोता." सूप थांबलं. बाईंचं सूप थांबलं की आता लांबणार हे मी ओळखते. "तिचा मोठा पोरगा गेला न, तवापासून तिनं म्हननंच सोडलं. मले बोलावून म्हने, घे वो पोरी, तू ने हा गाना, माह्याजवळ नाई रायत आता. अन तिले तो तिच्या मामीनं देल्ला होता. मामी आमगावची. आता मामीचं नाव टाकल्याबिगर कसा चालन?"

मी मामीचं नाव विचारेपर्यंत पडद्यावर सूचना आली की पानाची मुदत संपली, पुन्हा सुरुवात करा. त्या दुपारी आम्ही चार वेळा पुन्हा सुरुवात केली. माझं डोकं फिरवायला बाईंना कधी आवाज चढवावा लागला नाही.

बाईंकडे बघून या गातात असं कोणी म्हणणार नाही. उंची बेताची, हात मात्र लांब, पायात कायम झिजलेली प्लास्टिकची चप्पल. बोलतानाचा आवाज फाटका, धानाच्या तीन बांध्यांपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखा. घरात मीठ मागायचं असलं तरी तोच आवाज. पण गायला लागल्या की तो असा सरळ आणि भरून येतो की समोरचा हातातलं काम विसरतो. मी तर कॉर्ड विसरते. चार वर्षं शेजारी बसून वाजवते आहे, अजून विसरते.

मी कुडव्याची. गोंदियाच्या कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडून गिटार शिकले, तेवढीच माझी कमाई. लग्न होऊन कटऱ्यांच्या घरी आले, बोदलकस्याच्या तलावाखाली, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. सामानात काळ्या पिशवीतली गिटार होती. बायकांनी ती हाताळून पाहिली. रेवंताबाईंनी बोटानं टकटक करून पाहिलं आणि विचारलं, "आत पोकळच हाय नं? मंग इतकी जपून कायले राहिली?" मला राग आला होता. लग्नाला तीनच दिवस झाले होते, म्हणून गिळला.

पुढं एका दुपारी त्या तांदूळ निवडत होत्या आणि गुणगुणत होत्या. मला माहेरची आठवण येऊन रडू फुटायच्या बेतात होतं. रडण्यापेक्षा वाजवलेलं बरं म्हणून गिटार काढली. सुपाची एक चाल असते. तांदूळ वर उडतात, खाली पडतात, मग सुपाच्या कडेवर हाताची थाप. त्या चालीत माझी गिटार कशी जाऊन बसली ते मलाही कळलं नाही. बाईंनी मान वर केली नाही. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "पोकळ हाय, पन बोलते." मी ते फोनवर टिपून नेटवर टाकलं, आणि आमच्या लग्नाला आले होते त्याहून कितीतरी जास्त लोकांनी ते ऐकलं.

तेव्हापासून आमची जोडी झाली: एक गिटार आणि एक सूप. सूप शोभेचं नव्हे. बाईंचा नियमच होता, "रिकाम्या हातानं गाना निंघत नाई." त्यामुळे स्टेजवर त्या खरोखरीचे तांदूळ निवडतात. तेही चिन्नोर, घरच्या शेतातले. दुसऱ्या तांदळाचा आवाज त्यांना जाड लागतो. एकदा साकोलीकडच्या कार्यक्रमाला मी घाईत दुकानातून आणलेले तांदूळ पिशवीत भरले. बाईंनी स्टेजवर पहिलं सूप उडवलं, थांबल्या, आणि माइकवरून मला विचारलं, "हे कोनाचे तांदूर?" समोर दोनशे माणसं होती. कार्यक्रम संपला की निवडलेले तांदूळ त्या रुमालात बांधतात आणि आयोजकाच्या हातात देतात, "घ्या, खडा नाई एकबी." लोक शाल देतात, आम्ही तांदूळ देतो. किती आयोजकांना ते कुठं ठेवावं हे समजत नाही, ते मी पाहिलं आहे.

जोडीचं नावही त्यांनीच बिघडवलं. मी आठ दिवस विचार करून "धानगंध" असं नाव काढलं होतं. मोठा बॅनर छापून आणला. तिरोड्याला महिला मेळाव्यात पहिला कार्यक्रम. निवेदकाच्या हातातली चिठ्ठी वाऱ्यानं उडाली, तर तो माझ्याकडे यायचं सोडून बाईंना विचारायला गेला. बाई म्हणाल्या, "नाव कायचं? आमी दोघी जावा हाओत." त्यानं तेच माइकवर सांगितलं: आता सादर करत आहेत, दोघी जावा! मागं बॅनरवर धानगंध. कार्यक्रमानंतर एक बाई मला विचारत आली की ते धानगंधवाले कवा येऊन राहिले. तो बॅनर आता गोठ्याला पावसाच्या बाजूनं बांधला आहे. माझं नाव कामाला आलं, एवढंच.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची ओळख करून देण्याची सवय. बाईंना गाणं नुसतं गाता येतच नाही. आधी ते कोणी दिलं हे सांगायचं. देणारीचं नाव, तिचं माहेर, सासर, ती कोणाच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायची, गाणं देताना कुठं बसली होती, काय खात होती. तीन मिनिटांच्या गाण्याला पाच मिनिटांची ओळख. शेवटी माझी. ती मात्र एका दमात: "अन ही माही देवरानी. गिटार धरते."

गिटार धरते! वाजवते नव्हे, धरते. जणू त्या उतरायच्या आणि मी शिडी धरायची. तारा बदलायच्या मी, स्कूटीवर सूप बांधून न्यायचं मी, आयोजकांना दहा फोन करायचे मी, आणि ओळख दोन वाक्यांची. पलाडीची कोणी म्हातारी, जिला मी जन्मात पाहिलं नाही, तिच्या म्हशीचासुद्धा उल्लेख व्हायचा.

रेकॉर्डिंगला नागपूरला गेलो तेव्हा वाटलं, तिथं तरी हे चालणार नाही. काचेपलीकडं कानाला यंत्र लावलेला माणूस, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, शिस्तीचं काम. त्यानं सूप पाहिलं.

"आंटी, ये बाहर रख दो. ऐसा साउंड कम्प्युटर में है, पीछे से डाल देंगे."

"कम्प्युटरात चिन्नोर हाय का?" बाईंनी विचारलं.

त्यानं सूप राहू दिलं. मग त्यानं कानाला लावायचं यंत्र दिलं. बाईंनी ते काढून ठेवलं. "मले माहाच आवाज कायले ऐकवून राहिला? मले मालूम हाय तो." त्यानं बोटांनी आकडे मोजून खूण केली. बाई गायल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मी सांगू कोनाले? इथी तं कोनीच नाई."

"बाई, सांगायचं नाही. इथं फक्त गायचं."

"सांगतल्याबिगर कसा गाऊ? कोनाचा हाय ते मालूम नको का त्याले?"

तासाचं भाडं चालू होतं. मी हात जोडले, दटावलं, शेवटी रडकुंडीला आले. अर्ध्या तासानं तो माणूस स्वतःच काचेबाहेर आला, आमच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "बोलो आंटी, सुन रहा हूँ." बाईंनी त्याला तुळसाबाई सांगितली, मामी सांगितली, आणि मग जे गायल्या ते पहिल्याच खेपेला पक्कं झालं. त्याला दुसरं घ्यावंच लागलं नाही. प्रत्येक गाण्याआधी तो बिचारा उठून आत यायचा, मांडी घालून ऐकायचा, मग काचेमागं पळायचा. निघताना बाईंनी त्याच्या रुमालात तांदूळ बांधले. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मला वाटलं गाण्यांबद्दल असेल. तर म्हणाला, "भाभी, वो चावल कौन सा था?"

त्यानंच मला एक शहाणपणाची गोष्ट सांगितली होती. ही सगळी जुनी गाणी आहेत, म्हणाला, उद्या कोणीही उचलेल, तुम्हाला बोलता येणार नाही. एखादं तरी स्वतःचं बनवा, जे तुमचंच असेल.

त्याचं म्हणणं मला पटलेलं होतं, कारण तसं एकदा घडून गेलं होतं. तिरोड्याकडचा एक डीजेवाला गोड बोलत घरी आला होता. बाईंनी त्याला चहा पाजला आणि तुळसाबाईचं गाणं ओळीओळीनं शिकवलं. तो फोनवर घेत गेला. पुढच्या लग्नसराईत तेच गाणं धाड धाड करत वाजू लागलं, आणि त्यावर नाव त्याचं. माझा संताप झाला. मी बाईंना म्हटलं, आपलं गाणं चोरलं त्यानं.

"आपला कायचा? तुळसाबाईचा हाय. अन चोरला कसा? मीच तं देल्ला."

"पण बाई, तो म्हणतो स्वतःचं आहे!"

तेव्हा कुठं बाईंच्या कपाळावर आठी पडली. "तुळसाबाईचं नाव नाई घेत?" दुसऱ्या दिवशी मला स्कूटी काढायला लावून त्या तिरोड्याला गेल्या. डीजेवाला एका मंडपात वायरी जोडत होता. बाई त्याच्या पेटीवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथून उठन कवा, तू नाव घेशीन तवा." नवरदेव दारात आला तरी उठेनात. तेव्हापासून तो माणूस ते गाणं लावण्याआधी माइकवर ओरडतो, "ये गाना तुळसाबाई का, उनके मामी का, आमगाववाले!" वऱ्हाडी बिचकतात. बाईंच्या मते प्रकरण तिथंच मिटलं. आमचं दोघींचं नाव कुठंच नाही, हे त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं.

मग मी स्वतःचं गाणं केलं. केलं म्हणजे ते आधीपासून होतंच. लग्नानंतरच्या पहिल्या रोवणीत मला हौसेनं बांधीत उतरवलं होतं. गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्यांची जुडी. बायकांनी लावलेली धानाची रोपं सरळ उभी, आणि मी लावलेली थोड्या वेळानं पाण्यावर तरंगायला लागली. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन न्हाणीत रडले. ते माझ्या मनात राहून गेलं होतं. त्याच्या ओळी इथल्याच बोलीत जुळल्या:

बांधी भरली पान्यानं, पऱ्हा तरंगला वो,
कुडव्याची पोरगी मी, पाय नाई रुतला वो.
चार बोटं चिखलात, एक बोट वर वो,
आज नाई तं उद्या, धरन तो मूर वो.

मूर म्हणजे मूळ. चाल गिटारवर बसवली. माझा गळा असा की आरतीलासुद्धा मी टाळ्याच वाजवते, म्हणून गायचं बाईंनीच. मी फोनवर कशीबशी म्हणून त्यांना ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं. मग तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

"चांगला हाय," बाई म्हणाल्या.

"मग या अल्बममध्ये पहिला हाच घ्यायचा का?"

"मी नाई म्हनत हा."

"काऊन?"

"नाई म्हनत." आणि सूप घेऊन आत गेल्या.

मी पुन्हा विचारलं, महिन्यानं पुन्हा विचारलं. प्रत्येक वेळी तेच. कारण सांगायचं नाही. वर माझ्याकडं अशा बघायच्या की मीच काहीतरी वावगं मागते आहे. मी मनाशी उत्तर काढलं: हे गाणं कोणा म्हातारीनं दिलेलं नाही, म्हणून त्याला किंमत नाही. गिटार धरणारीनं गिटार धरावी.

गोंदियाच्या सभागृहातला कार्यक्रम त्याच सुमाराला झाला. आमच्यासाठी तो मोठा होता. बाहेरगावचे आयोजक आले होते, आवडलं तर पुढं चार शहरांत बोलावणार होते. वेळ वीस मिनिटं. मी बाईंना घरून बजावत आणलं होतं की ओळख एका वाक्यात. पहिली दोन गाणी बऱ्यापैकी निभावली. तिसऱ्याला त्यांनी सूप उचललं, समोर पाहिलं आणि ठेवून दिलं.

"भागरताबाई, तुमी कवा आल्या वो?"

तिसऱ्या रांगेत एक वाकलेली म्हातारी बसली होती. ते गाणं तिनं दिलेलं. नातवाकडं गोंदियाला राहायला आली होती, आणि रेवंता गाणार म्हणून ऐकायला आली होती. बाई सरळ स्टेजवरून उतरल्या, तिला हाताला धरून वर आणलं, आपल्या जागी बसवलं, सूप तिच्या हातात दिलं आणि स्वतः मागं जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारीला दम लागत होता. दोन ओळी म्हणाली, तिसरी विसरली, पुन्हा पहिलीवर गेली. तांदूळ अर्धे स्टेजवर सांडले. बाई मागून फक्त झील धरत होत्या, म्हणजे तिची ओळ संपली की तीच परत म्हणायची, तेवढंच. मी चुकीच्या सुरात काहीतरी वाजवत राहिले. वीस मिनिटं संपल्याची घंटा वाजली. आयोजक घड्याळ बघत होते. चार शहरं तिथंच संपली.

परतताना तिरोड्याच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा माझं तोंड सुटलं.

"एक गाना म्हटला असता तं का बिघडलं असतं, बाई? तिलेबी ऐकाचाच होता नं? ऐकायलाच आली होती ती!"

बाईंनी बशीतला चहा संपवला. "देनारी समोर बसली असन तं गाना तिनंच म्हनावा. आपन झील धरावी. तिच्या घरी बसून तिलेच आग्रह करून जेवू घालू का मी?"

"तिले म्हनता येत नोहोतं!"

"नसन येत. गाना तं तिचाच हाय नं."

भिंतीला तरी कधीतरी तडा जातो. मी स्कूटी चालू केली.

अल्बम तसाच उरकला, सात गाण्यांचा. आठवं, माझं, राहिलं ते राहिलंच. या सगळ्यासाठी मी तिरोड्याच्या खासगी शाळेतली कम्प्युटर शिकवायची नोकरी सोडली होती. नवऱ्यानं कधी कुरकुर केली नाही, फक्त एवढंच म्हणाला होता की या रोवणीपर्यंत बघू, नाहीतर शाळेत परत जा. शाळेनंही माझी जागा तोवर भरली नव्हती. आणि आता रोवणी आली होती, हातात सात गाणी होती, ज्यांतलं एकही माझं नव्हतं, आणि मी ओसरीवर बसून आमगावच्या मामीचं नाव विचारत होते.

पाचव्यांदा फॉर्म उघडला तेव्हा मी सातही गाण्यांपुढं "पारंपरिक" असं टाकलं आणि पाठवून दिलं.

"का लिहिलं?" बाईंनी विचारलं.

"पारंपरिक."

"ती कोन?"

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाई, एक गाना असा होता की त्याच्यापुढं नाव लिहाले एक मिनिट नसता लागला. शब्द माहे, चाल माही. तुमी तो म्हटला नाई. साऱ्या जगाच्या बायांचे गाने तुमाले चालतात, घरातल्या बाईचा नाई चालत. मी का फक्त लाकूड धरूनच बसू?"

बाईंनी मान खाली घालून सुपातला एक खडा शोधला, काढला, टाकला. "तुले समजतच नाई," एवढंच म्हणाल्या. तेही रागानं नाही, थकून. मी बॅग भरली आणि आठ दिवस जाते सांगून कुडव्याला आले. गिटार नेली नाही. कशाला न्यायची?

माहेरी चार दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी शाळेचा फोन आला, उद्यापर्यंत कळवा. मी रुजू होण्याचा अर्ज लिहिला, स्कूटीच्या डिकीत ठेवला. म्हटलं, आधी गावी जाऊन कपडे आणावेत, मग परतताना वाटेत शाळेत अर्ज द्यावा. चौथ्या दिवशी सकाळीच निघाले. घरी कळवलं नव्हतं.

आमची बांधी रस्त्याला लागूनच आहे. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर मोहाचं झाड. दुरूनच बायकांची रांग दिसली, कंबरेत वाकलेली, मागं मागं सरकत रोवणी चाललेली. रांगेच्या टोकाला बाई. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत चिखलात. बोलणं नको म्हणून मी मोहाच्या आड स्कूटी बंद केली. म्हटलं, त्या पलीकडं सरकल्या की निघून जाऊ.

तेवढ्यात तो फाटका आवाज आला.

"आता हा गाना नीट ऐका, मंग माह्यामागून म्हना. हा गाना कुडव्याच्या मनीषाचा."

मी झाडाला हात टेकला.

"तिच्या बाबूजीचा सायकलीचा दुकान हाय कुडव्यात, पयले पंचर काढत, आता नव्या गाड्याबी विकतात. मायचं नाव शकुनबाई. दोन भाऊ, ही मधली. आपल्या कटऱ्याची लहानी सून. पयल्या सालची आली तं याच बांधीत रोवाले उतरली होती. तुमी साऱ्या हसल्या होत्या, यमू, तू तं लय हसली होती. ती घरी जाऊन न्हानीत रडली. मी चुलीपाशी ऐकून राहिलो होतो. तवाचा हाय हा गाना. चार साल तिनं पोटात ठेवला अन मंग केला. कोन्या मामीनं नाई देल्ला, तिचा तिनंच केला. असा आपल्यात कोनीच नाई केला आजवर."

यमूबाईनं विचारलं, "मंग तिच्यासंगं काऊन नाई म्हनत तुमी? स्टेजवर?"

"तिच्यासमोर कसा म्हनू? धनीन बाजूले बसून राहते. ती म्हनन तं मी झील धरन. पन ती तोंडच नाई उघडत, अन मलेच म्हना म्हनते. आता कसं समजावू तिले? आज ती इथी नाई, मनून म्हनून घेतो."

आणि त्या गायल्या. हात चिखलात, बोटं रोपं खोचत, त्याच चालीत. माझी चाल नव्हती ती. मी बसवलेली त्यांनी पार संथ करून टाकली होती, एक रोप लागेल एवढा वेळ प्रत्येक शब्दाला. तिसरी ओळ तर चक्क चुकीची. मी "चार बोटं चिखलात" लिहिलं होतं, त्या "चारी बोटं चिखलात" म्हणत होत्या, आणि वर आठ बायका तेच चुकीचं परत म्हणत होत्या. माझी इतकी चिडचिड झाली की धावत जाऊन सांगावंसं वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वेगळंच.

पण जाणार कशी? मी दिसले असते तर बाईंनी तिथंच थांबवलं असतं, हाताला धरून चिखलात उतरवलं असतं, आणि माझ्या या गळ्यानं मला म्हणायला लावलं असतं.

पिशवीत फोन वाजला. शाळेचा होता. गाण्याची पहिली फेरी नुकतीच संपली होती; त्या शांततेत तो पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत ऐकू गेला असता. मी घाईनं तो कापला, बंदच करून टाकला, आणि झाडाच्या आणखी आत सरकले. बाईंनी एकदा मान वर करून रस्त्याकडं पाहिल्यासारखं केलं, मग पुन्हा वाकल्या. दुसरी फेरी सुरू झाली. कुडव्याच्या मनीषाचा गाना पुरा होईपर्यंत कुडव्याच्या मनीषाला तिथून हलायची सोय नव्हती.